सतरा आसनांची गाडी

गाडी सतरा आसनांची.
एक सोडून एक बसवलं तर नऊ.
त्यात चालक धरायचा की नाही
यावरच पहिली सभा संपली.

सभा म्हणजे नाना पेठेतल्या चर्चच्या अंगणात
चुन्याने आखलेले गोल,
प्रत्येक गोलात एक खुर्ची, खुर्चीत एक तरुण,
आणि मास्कमधून येणारं "काय?" "परत बोल."
शांतवन त्रिभुवन यादी वाचतो:
ऑक्सिमीटर दोन, सॅनिटायझर पाच लिटर,
पालकांच्या सह्या,
रिपोर्ट बहात्तर तासांच्या आतला.
मी वही लिहिते. तेवीस वर्षं सेक्रेटरी आहे.
आजवर या वहीतली सर्वांत मोठी काळजी
पेटी टपावर ठेवायची की मांडीवर, एवढीच होती.

दर मे महिन्यात आम्ही निवळीवाडीला जायचो.
शाळेला रंग, टाकी घासणं, मुलांना गाणी.
चार दिवस लोकांच्या ओट्यावर झोपायचो
आणि परतताना असे गप्प व्हायचो
की नसरापूर येईपर्यंत कुणी बोलत नसे.
त्याला आम्ही सेवा म्हणायचो.
एनॉस सर म्हणायचे, सेवा कसली, सहल आहे,
फक्त जेवण त्यांच्याकडे.

सर एप्रिलात गेले. दफनाला पाच जण.
खिडकीजवळची अकरा नंबरची त्यांची जागा
नियमाने रिकामी येते का, मी कागदावर मोजून पाहिलं.
येत नव्हती.
मग मी एकाऐवजी दोनपासून मोजलं.
नऊचे आठ झाले. कुणी काही विचारलं नाही.

तिसऱ्या सभेत सगळं जुळलं.
ताप आलाच तर परतीची वेगळी गाडी,
तिचा चालक, त्याचा नंबर, त्याच्या भावाचा नंबर.
तेव्हा शेवटच्या गोलातून कतूरा ओहोळ,
बारावीची परीक्षा रद्द झाल्यापासून
जरा जास्तच विचार करणारी,
म्हणाली, "हे सगळं आपल्याला झालं तर.
त्यांना झालं तर?"

रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली.
आवाज विरेपर्यंत आम्ही थांबलो,
आणि विरल्यावरही.

मी आशाताईंना फोन लावला, वैजयंता ढेबेंना.
रेंजसाठी त्या टेकाडावर चढल्या होत्या.
धाप ऐकून माझ्या पोटात गोळा आला.
त्या हसल्या, "चढाची हाय बाई, तसली न्हाय."
मग म्हणाल्या,
"उपकेंद्रात खाटा तीन. एकीचा पाय विटेवर.
सिलिंडर लागला तर खाली नसरापूरला. रस्ता तुम्ही बघितलाय.
यायचं तर या. पर ओट्यावर झोपू नका.
म्हाताऱ्यांचा हात हातात घेऊ नका.
आन् गाणं म्हणायचंच तर वढ्याच्या पल्याडनं म्हणा,
आमाला ऐकू येतं."

मी चार दिवसांचं पान फाडलं.
एक दिवस. जाणं आणि येणं.

सप्टेंबरात गेलो. आठ जण, सगळ्या खिडक्या उघड्या,
खेड शिवापूरला पोचेपर्यंत केसांचं घरटं.
ओढ्याच्या अलीकडे रंगाचे डबे, वह्या, औषधं
ठेवली आणि मागे सरलो.
मग ते पुढे आले.
एवढ्या शिस्तीत आम्ही कधी प्रार्थनेलाही उभे राहिलो नाही.

पलीकडून मुलांनी गाणं सुरू केलं.
दुसऱ्या कडव्यात चुकली,
एनॉस सरांनी शिकवलं होतं
तशीच, त्याच शब्दाला.
शांतवन यादीत डोकं खुपसून उभा राहिला.
यादीवर आता खुणा करायला काही उरलं नव्हतं.

शाळेला रंग त्यांनीच दिला. फोटो आला.
आम्ही पिस्ता नेला होता, भिंत निळी होती.
निळा कुठून आणला, विचारलं नाही.

पुढचे चौदा दिवस मी रोज संध्याकाळी
आठ घरी फोन करून ताप विचारला, वहीत लिहिला,
मग वाडीला फोन, तिथला लिहिला.
पंधराव्या दिवशी वही मिटली.

सात वाजता फोन वाजला. वारा, टेकाड, धाप.
"आज फोन न्हाय आला तुमचा," वैजयंताताई म्हणाल्या,
"माझ्या वहीत तुमची आठ नावं हायेत.
कतूराचा तेवढा रकाना ऱ्हायलाय.
बरी हाय ना पोरगी?"